सर्व्हिस जोरात बसते पण आत पडत नाही: हात आवरायचा, टॉस सुधारायचा की फ्लोटवर यायचं?

व्हॉलीबॉलमध्ये जंप सर्व्हिस, म्हणजे धावत येऊन उडी मारून सर्व्हिस करताना हात मोकळा फिरतो, आणि बॉल नीट बसला की समोरच्या लिबेरोच्या (फक्त बचावासाठी खेळणाऱ्या खेळाडूच्या) हातावरून उडून थेट मागे जातो. पण दहातल्या तीन-चार सर्व्हिस नेटमध्ये नाहीतर एंड लाइनच्या बाहेर. असा एखादा खेळाडू बहुतेक टीममध्ये असतो आणि त्याला सल्ला द्यायला सगळेच पुढे येतात. एक म्हणतो, जरा हळू मार. दुसरा म्हणतो, टॉस बघ तुझा, म्हणजे मारण्याआधी बॉल वर कसा उडवतोस ते. तिसरा म्हणतो, सोड ती जंप सर्व्हिस, जंप फ्लोट शीक, म्हणजे बॉल न फिरवता मारायची सर्व्हिस. तिन्ही सल्ले चालू शकतात, पण वेगवेगळ्या खेळाडूंना. मी बरीच वर्षं जंप सर्व्हिस मारली, आता शिकवतो, आणि माझा कौल आधीच सांगून टाकतो: आधी टॉस, तो ठरावीक मुदतीत बसला नाही तर फ्लोट, आणि हात आवरणं सगळ्यात शेवटी. असं का म्हणतो, ते एकेक करून बघू.

आधी वहीतला हिशोब

पूर्वी सर्व्हिस आपल्याकडे असेल तरच पॉइंट मिळायचा. सर्व्हिस चुकली तर ती फक्त समोर जायची, पॉइंट नाही. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ब्राझीलच्या पुरुष संघाने जंप सर्व्हिसचा धडाका लावत रौप्यपदक मिळवलं, ते याच पद्धतीत. १९९० च्या दशकाच्या शेवटी रॅली पॉइंट, म्हणजे सर्व्हिस कोणाचीही असो, प्रत्येक रॅलीला पॉइंट द्यायची पद्धत आली आणि तेव्हापासून प्रत्येक चुकलेली सर्व्हिस समोरच्याला आयता पॉइंट देते. तरीही वरच्या पातळीवर जोरदार सर्व्हिस कमी झाली नाही, उलट वाढली. कारण सोपी सर्व्हिस नीट रिसीव्ह झाली की समोरची टीम आरामात अटॅक बांधते.

किती चुका परवडतात, हे अंदाजाने बोलू नका. उदाहरण घेऊ. समजा तुमची साधी सर्व्हिस शंभरात ९५ वेळा आत पडते आणि आत पडलेल्यांपैकी ३५ टक्के रॅली तुमची टीम जिंकते. म्हणजे साधारण ३३ पॉइंट. आता जोरदार सर्व्हिस ८० वेळाच आत पडत असेल, तर तेवढेच ३३ पॉइंट काढायला आत पडलेल्यांपैकी ४१ टक्क्यांच्या वर रॅली जिंकायला हव्यात. ती ७० वेळाच आत पडत असेल तर ४७ टक्के. आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमचे तुम्हीच काढायचे. पाच मॅच एखाद्या मित्राला वही घेऊन बसवा: सर्व्हिस आत की बाहेर, आणि आत असेल तर रॅली कोणाची. शंभरात वीस चुका खरोखर जोरदार सर्व्हिसला पचतात. तीसच्या पुढे गेलात तर टीमचं नुकसान होतंय, मग ती एक एस (थेट पॉइंट देणारी सर्व्हिस) कितीही डोळ्यांत भरो.

त्याच वहीत तिसरा रकाना ठेवा: चुकलेली सर्व्हिस गेली कुठे? पुढचा सगळा निर्णय या रकान्यावर आहे.

हात आवरणं

हा सल्ला सगळ्यात जास्त मिळतो आणि सगळ्यात कमी उपयोगी पडतो. जोरदार टॉपस्पिन सर्व्हिस आत पडते ती बऱ्याच अंशी स्पिनमुळे. बॉलचा वरचा भाग पुढे फिरत असतो, त्यामुळे हवा बॉलला खाली दाबते, नेट ओलांडल्यावर तो अचानक डुबकी मारतो आणि एंड लाइनच्या आत बसतो. हा स्पिन येतो हाताच्या वेगातून आणि मनगट बॉलवरून पुढे जाण्यातून. हात आवरला की वेग कमी होतो, पण त्याबरोबर स्पिनही जातो. मग बॉल डुबकी न मारता तरंगत लांब जातो, किंवा त्या भीतीने तुम्ही तो खाली ठेवायला बघता आणि नेटमध्ये घालता. शिवाय खांदा ज्या लयीत शिकलाय ती लय मोडते. २३-२३ वर ‘सांभाळून’ मारलेली सर्व्हिस नेटमध्ये गेलेली तुम्हीही पाहिली असेल. त्याचं कारण बहुधा हेच.

कमी करायचंच असेल तर हात सोडून बाकीचं कमी करा. चार पावलांचा अप्रोच, म्हणजे उडीआधीची धाव, तीनवर आणा. उडी पुढे लांब घेत असाल तर थोडी आखडा. हात मात्र पूर्ण फिरू द्या. वेग थोडा घटेल, स्पिन टिकेल आणि बॉल कुठे पडणार याचा अंदाज यायला लागेल. ज्याच्या बहुतेक चुका लांब जातात आणि ज्याचा अप्रोच दर वेळी वेगळा पडतो, त्याला या मार्गाने बराच फरक पडतो. बाकीच्यांनी इथे फार वेळ घालवू नये.

टॉस

जंप सर्व्हिसच्या चुका बघायच्या असतील तर व्हिडिओ बॉल मारण्याच्या क्षणापासून सुरू करू नका, बॉल हातातून सुटतो त्या क्षणापासून बघा. एकदा बाजूने आणि एकदा मागून शूट करा. मी माझा असा पहिला व्हिडिओ पाहिला तेव्हा कळलं की माझा टॉस दर तिसऱ्या वेळी डोक्याच्या डावीकडे जात होता आणि मी हवेत कमरेतून वाकून त्याच्या मागे हात नेत होतो. सर्व्हिस कडेला जायची ती त्यामुळे. मी मात्र दोन महिने मनगटावर मेहनत घेत होतो.

नेट ९ मीटरवर असतं आणि समोरची एंड लाइन १८ मीटरवर. बॉल सुटताना कोन फक्त एक अंशाने चुकला तर नेटपाशी साधारण १६ सेंटिमीटरचा आणि एंड लाइनपाशी ३१ सेंटिमीटरचा फरक पडतो. तीन अंश चुकला तर कडेला जवळजवळ मीटरभर. हवेत शरीर वाकवून टॉसच्या मागे जाणाऱ्या हाताकडून तीन अंश सहज चुकतात.

दुसरी गोष्ट उंचीची. टॉस तुमच्या फटक्याच्या जागेच्या दोन मीटर वरून खाली येत असेल, तर फटक्याच्या क्षणी तो सेकंदाला सहा मीटरच्या वर वेगाने पडत असतो. तुमचं टायमिंग सेकंदाच्या विसाव्या भागाने हुकलं तर बॉल तीस सेंटिमीटर खाली गेलेला असतो, म्हणजे जवळजवळ दीड बॉल. तोच टॉस फक्त अर्धा मीटर वर गेला असेल तर तेवढ्याच चुकीत बॉल पंधरा-सोळा सेंटिमीटरच सरकतो, म्हणजे एका बॉलपेक्षाही कमी. उंच टॉस दिसायला रुबाबदार असतो आणि लांब अप्रोचला वेळही देतो, पण त्यासाठी टायमिंग फार पक्कं लागतं. ज्यांच्या चुका एकदा नेटमध्ये, एकदा लांब अशा दोन्हीकडे विखुरलेल्या आहेत, त्यांनी टॉस हातभर खाली आणून दोन आठवडे बघावं.

कोणत्या हाताने टॉस द्यायचा यावर वाद पुष्कळ आहेत. फटका मारणाऱ्या हाताने दिला तर बॉल आपसूक त्याच खांद्यासमोर राहतो आणि जाताना थोडा पुढचा स्पिनही घेतो. अडचण एवढीच की त्याच हाताला लगेच मागे जायचं असतं. दुसऱ्या हाताने दिला तर फटक्याचा हात मोकळा राहतो, पण बॉल शरीरासमोरून आडवा न्यावा लागतो आणि बहुतेकांचा तो डोक्यावरच राहतो. दोन्ही हातांनी दिलेला टॉस सरळ जातो, मात्र पुढच्या पावलांशी हातांचा झोका जुळवायला वेळ लागतो. मी नवीन मुलांना फटक्याच्या हातापासून सुरुवात करायला लावतो. ज्याचा दुसऱ्या हाताचा टॉस आधीच बसलाय त्याला मात्र बदलायला सांगत नाही.

आता सराव. पहिले दहा दिवस बॉल मारायचाच नाही. टॉस द्यायचा, पूर्ण अप्रोच घ्यायचा, उडी मारायची आणि हात ताणून, जिथे फटका बसायला हवा तिथे, खांद्यासमोर थोडा पुढे, बॉल नुसता पकडायचा. वाकावं लागलं, पाय तिरका टाकावा लागला किंवा बॉल डोक्यावर आला तर तो टॉस फुकट. दहापैकी आठ स्वच्छ पकडता येईपर्यंत मारायला सुरुवात नाही. कंटाळवाणं आहे, मान्य. मुलं तिसऱ्या दिवशी कुरकुर करतात, पण ज्यांनी तग धरला त्यांच्या सर्व्हिस आत पडायला लागलेल्या मी स्वतः मोजल्या आहेत.

एक नियम लक्षात ठेवा: आंतरराष्ट्रीय नियमांत टॉस एकदाच. रेफरीच्या शिट्टीनंतर आठ सेकंदांत मारायचं आणि एकदा सोडलेला बॉल खाली पडू देऊन पुन्हा टॉस देता येत नाही. म्हणून वाईट टॉसवर काय करायचं, तेही सरावातच ठरवा. माझं उत्तर: टॉस बिघडला तर पूर्ण ताकदीचा हट्ट सोडायचा, तळहात बॉलच्या मधोमध ठेवून तो कोर्टाच्या मध्यात मागे टाकायचा. हात आवरायचा हा एकच प्रसंग, आणि याचाही वेगळा सराव हवा.

जंप फ्लोट

फ्लोट म्हणजे हार मानणं, असं काही जोरात मारणाऱ्यांना वाटतं. ते चूक आहे. जागतिक स्पर्धांमध्ये, विशेषतः महिलांच्या खेळात, मोठ्या संख्येने खेळाडू जंप फ्लोटवरच सामने काढतात. बॉल फिरतच नाही, त्यामुळे हवेचा प्रवाह त्याच्यावरून एकसारखा सुटत नाही आणि बॉल वाटेत डगमगतो, अचानक खाली बसतो किंवा बाजूला सरकतो. रिसीव्ह करणाऱ्याला वेळ जास्त मिळतो, पण बॉल शेवटी कुठे येणार हे कळत नाही.

नियंत्रणाच्या बाजूने बघितलं तर फ्लोटचा टॉस छोटा, अप्रोच छोटा, चुकायला जागा कमी. पण ज्याचा हात टॉपस्पिनमध्ये मुरलाय त्याला एक गोष्ट जड जाते: मनगट घट्ट धरायचं, तळहाताच्या कडक भागाने बॉलच्या मधोमध ठोका द्यायचा आणि हात तिथल्या तिथे थांबवायचा. जुन्या सवयीने मनगट पुढे गेलं की बॉलला थोडासा स्पिन मिळतो. मग तो ना फ्लोट ना टॉपस्पिन, आणि समोरच्याला रिसीव्हला सगळ्यात सोपा. मारल्यावर बॉलवरचे रंगीत पट्टे बघा. ते स्थिर दिसले तर फ्लोट जमला. फिरताना दिसले तर मनगट अजून सुटतंय.

सामन्यात भरवशाने वापरण्याइतपत फ्लोट बसायला साधारण महिना धरा. खांद्यावर आणि गुडघ्यांवर ताणही कमी पडतो, त्यामुळे खांदा दुखत असलेल्याला मी दुसरा पर्याय सुचवतच नाही. आणि दोन्ही हातात असतील तर आणखी एक वाट उघडते: जोरदार सर्व्हिसचाच अप्रोच घ्यायचा आणि शेवटच्या क्षणी फ्लोटचा ठोका द्यायचा. रिसीव्हर मागे सरकलेले असतात आणि बॉल पुढे पडतो. पण ही पुढची पायरी आहे, दोन्ही सर्व्हिस स्वतंत्र बसल्याशिवाय त्यात पडू नका.

मग निवडायचं काय

तिसरा रकाना उघडा. बहुतेक चुका कडेला जात असतील तर टॉस डावी-उजवीकडे जातोय. नेटमध्ये जात असतील तर बॉल फार पुढे पडतोय किंवा तुम्ही उशिरा पोहोचून खालून गाठताय. लांब जात असतील तर बॉल डोक्यावर किंवा मागे येतोय आणि तळहात त्याच्या खालून जातोय. तिन्हीचं औषध टॉसच आहे, म्हणून सहा आठवडे त्याला द्या. मोठी स्पर्धा तीन आठवड्यांवर आली असेल तर मात्र टॉस आत्ता मोडू नका. अप्रोच एका पावलाने कमी करा, आणि फ्लोट थोडाफार येत असेल तर अटीतटीच्या पॉइंटला तोच वापरा.

सहा आठवड्यांनंतरही सरावात शंभरात ७५ आत पडत नसतील, तर फ्लोट मुख्य सर्व्हिस करा आणि जोरदार सर्व्हिस सरावात चालू ठेवा. उंची कमी असलेल्यांनी तर हा विचार लवकर करावा. फटका खालून बसतो तेव्हा नेटवरून जोरात आत टाकायची खिडकी फार लहान उरते. पुरुषांचं नेट २.४३ मीटर, महिलांचं २.२४, आणि बॉलला आणखी दहा-अकरा सेंटिमीटर वर हवेत, कारण तेवढी त्याची त्रिज्या आहे.

निशाण्याची एक गोष्ट कुठल्याही पर्यायात फुकट मिळते. उजव्या कोपऱ्यामागे, म्हणजे एक नंबरच्या (मागच्या रांगेतल्या उजव्या जागेच्या) मागे उभं राहून समोरच्या एक नंबरकडे तिरकं मारलं तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत २० मीटर मिळतात, सरळ मारलं तर १८. लांब जाणाऱ्या सर्व्हिसला हे दोन मीटर पुरतात. लाइनवर नेम धरू नका, एक नंबर आणि सहा नंबर (मागच्या रांगेतली मधली जागा) यांच्या मधल्या जागेवर धरा. तिथे पडलेला बॉल कोणाचा, यावर दोन रिसीव्हर अर्धा क्षण एकमेकांकडे बघतात.

पूर्ण ताकदीच्या सर्व्हिस एका दिवसात तीसच्या आसपास ठेवा, आणि त्या सरावाच्या सुरुवातीला मारा, पाय ताजे असताना. थकल्यावर सगळ्यात आधी टॉस बिघडतो. टॉस पकडण्याचा सराव मात्र शेवटी ठेवला तरी चालेल, कारण पाचव्या सेटमध्ये, १३-१३ वर, तुम्हाला नेमक्या तसल्याच थकलेल्या पायांनी टॉस द्यायचा असतो.