एम.लिब.चा लघुप्रबंध: प्रकाशनांचा कल मोजावा की वाचनाची सवय?

ग्रंथालयशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात लघुप्रबंधाचा विषय ठरवायची वेळ आली, की बडोद्यातल्या आपल्या मराठी मुलामुलींचं घोडं बहुतेकदा याच दोन विषयांपाशी अडतं. शोधनिबंधांच्या प्रकाशनाचा कल मोजायचा, की लोकांच्या वाचनाच्या सवयी तपासायच्या? दोन्हींना मंजुरी सहज मिळते आणि जुने नमुनेही हाताशी असतात. त्यामुळे पुष्कळ जण मैत्रिणीने जे घेतलं तेच घेऊन मोकळे होतात.

माझं मत आधीच सांगते. चार-पाच महिने उन्हातान्हात फिरायची, अनोळखी माणसांशी बोलायची तयारी असेल तर वाचनाचा विषय घ्या. या शहरात त्याला जेवढं खतपाणी आहे तेवढं फार थोड्या ठिकाणी असेल. नोकरी सांभाळून शिकत असाल आणि हातात फक्त रविवार असतील तर प्रकाशनांचा विषय घ्या, पण नेमका प्रश्न हातात असल्याशिवाय नको.

प्रकाशनांच्या अभ्यासाला आपण ग्रंथमिती म्हणतो. कोण लिहितं, कुठे छापलं जातं, कोण कोणाबरोबर लिहितं, कोणाचे दाखले दिले जातात, हे सगळं मोजायचं. पाया जुना आहे. लोटकाचा नियम १९२६चा, ब्रॅडफर्डचा १९३४चा. रंगनाथन यांनी १९४८मध्ये ग्रंथालयाच्या कामाला संख्याशास्त्र लावण्याची कल्पना मांडली आणि ग्रंथमितीचं आजचं इंग्रजी नाव, ‘बिब्लिओमेट्रिक्स’, प्रिचर्डने १९६९मध्ये रूढ केलं. लोटका सांगतो ते साधं आहे: एखाद्या विषयात एकच निबंध लिहिणारे १०० लेखक असतील, तर दोन लिहिणारे साधारण २५ आणि तीन लिहिणारे ११च्या आसपास सापडतील. ब्रॅडफर्ड सांगतो की एका विषयावरचे निबंध मोजक्या नियतकालिकांत दाटलेले असतात आणि उरलेले दूरदूर विखुरलेले. कोणती नियतकालिकं घ्यायची हे ठरवणाऱ्या ग्रंथपालाला हे नियम आजही कामाला येतात.

वाचनाच्या अभ्यासाचा पाया असा सूत्रांवर उभा नाही. प्रश्नावली, मुलाखत, देवघेवीच्या नोंदी, वाचनालयात बसून केलेलं निरीक्षण, यांतून माणसाचं वागणं समजून घ्यायचं असतं. म्हणून तो वरवर सोपा वाटतो आणि बहुतेकांचा तिथेच घात होतो.

माहिती मिळते कुठून

प्रकाशनांच्या बाजूला माहिती बसल्या जागी मिळते. शोधनिबंध आणि त्यांचे दाखले नोंदवणाऱ्या डेटाबेसांपैकी स्कोपस आणि गूगल स्कॉलर दोन्ही २००४पासून आहेत, वेब ऑफ सायन्स त्याहून जुना, आणि २०२२पासून ओपनअ‍ॅलेक्स मोफत उपलब्ध आहे. त्यातल्या नोंदी उतरवून घ्यायच्या आणि नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठाच्या व्हॉसव्ह्यूअर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये टाकायच्या, की सहलेखकांची जाळी पडद्यावर उभी राहतात. गूगल स्कॉलरवर भिस्त ठेवू नका. नोंदी एकगठ्ठा उतरवून घ्यायची सोय तिथे नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. १ जानेवारी २०२५पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही केंद्र सरकारची योजना सुरू झाली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिकं, आणि सगळा समन्वय आपल्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटकडे. त्यामुळे ‘आता सगळं फुकट’ असं मुलांना वाटतं. पण ही योजना नियतकालिकं वाचण्यासाठी आहे. दाखले मोजण्यासाठी लागणारा स्कोपससारखा डेटाबेस तुमच्या संस्थेने वेगळा घेतला आहे का, हे विषय नोंदवण्याआधी ग्रंथपालांना विचारा. घेतला नसेल तर सरळ ओपनअ‍ॅलेक्स धरा आणि पद्धतीच्या प्रकरणात तसं स्पष्ट लिहा.

आयत्या मिळालेल्या माहितीत साफसफाईचं काम किती असतं, ते कोणी आधी सांगत नाही. आपल्याच विद्यापीठाचं घ्या. शहराचं नाव वडोदरा झालं, विद्यापीठाच्या नावात बरोडा राहिलं. त्यामुळे लेखक पत्ता लिहितात तेव्हा कोणी ‘महाराजा सयाजीराव युनिव्हर्सिटी ऑफ बरोडा’ लिहितो, कोणी ‘एम. एस. युनिव्हर्सिटी, वडोदरा’, कोणी नुसतं ‘एमएसयू’. आणि एमएसयू म्हणून शोधलंत तर अमेरिकेतलं मिशिगन स्टेट आणि रशियातलं मॉस्को स्टेटही त्याच जाळ्यात येतं. लेखकांचंही तेच: ‘जोशी ए.’ नावाखाली चार वेगळी माणसं निघतात आणि एकच ‘देशपांडे’ तीन नावांनी मोजले जातात. स्कोपसमध्ये संस्थेला स्वतंत्र क्रमांक असतो. त्यावरून शोधलं तर निम्मा त्रास वाचतो. उरलेला निम्मा हाताने, एक एक ओळ बघूनच संपवावा लागतो. हे न करता काढलेली सुंदर रंगीत जाळी बघितली की मला वाईट वाटतं, कारण आकृती खोटं बोलत असते आणि मुलीला ते ठाऊकही नसतं.

आणखी एक मर्यादा आपल्याला जास्त जवळची आहे. स्कोपसमध्ये यायचं तर नियतकालिकाला निबंधांची शीर्षकं आणि सारांश इंग्रजीत द्यावे लागतात. मराठी-गुजरातीतली बहुतेक संशोधनपर नियतकालिकं त्यामुळे बाहेरच राहतात. म्हणजे ‘मराठी साहित्यावरच्या संशोधनाचा कल’ असा विषय स्कोपसवर केलात, तर हाती येईल तो मराठी साहित्यावर इंग्रजीत लिहिणाऱ्यांचा कल. तो विषय वाईट नाही, पण मग शीर्षकात तेच लिहा.

प्रश्न असेल तरच ग्रंथमिती

‘अमुक नियतकालिकाचा दहा वर्षांचा ग्रंथमितीय अभ्यास’ अशा प्रबंधात दरवर्षी किती निबंध आले, एकट्याचे किती, जोडीने किती, हे कोष्टकांत भरलं जातं आणि प्रबंध संपतो. परीक्षक तोंडी परीक्षेत विचारतात, “हे मोजून काय कळलं?” तिथे उत्तर नसतं. शिवाय सगळ्यांची वाक्यरचना एकाच साच्यातली असल्याने साम्य तपासणीतही (मजकूर उचललेला नाही ना, हे बघतात त्यात) अडचण होते. यूजीसीच्या २०१८च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, आणि साच्यातली वाक्यं तो आकडा बघता बघता ओलांडतात.

विचारण्यासारखे प्रश्न मात्र सध्या भरपूर आहेत. पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्याआधी निबंध छापलाच पाहिजे, ही सक्ती यूजीसीने २०२२च्या नियमावलीत काढली. फेब्रुवारी २०२५मध्ये मान्य नियतकालिकांची केअर यादीही बंद केली आणि नियतकालिकांची पारख संस्थांवर सोपवली. सक्ती गेल्यावर विद्यार्थी कुठे छापतात? यादी नसताना एखाद्या विभागातले अध्यापक नियतकालिक कसं निवडतात? एका विद्याशाखेपुरतं मर्यादित ठेवून, आधीची तीन आणि नंतरची तीन वर्षं समोरासमोर ठेवलीत, तर त्यातून ग्रंथपालाला उपयोगी असं काही निघेल.

वाचन: इथे बडोदा तुमच्या बाजूने आहे

सयाजीराव महाराजांनी १९१०मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावलं आणि संस्थानात ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं. मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी, गावोगावी जाणाऱ्या लाकडी पेट्यांतली फिरती ग्रंथालयं, कर्मचाऱ्यांसाठी प्रशिक्षण, हे सगळं त्या दशकातलं. १९१२पासून ‘लायब्ररी मिसेलनी’ हे त्रैमासिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तिन्ही भाषांत निघत होतं. बॉर्डन परत गेल्यावर ग्रंथालय खात्याची धुरा जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी वाहिली. वाचणारा घडवणं हे राज्याचं काम आहे, असं या शहराने शंभर वर्षांपूर्वी मानलं. त्या शहरातले लोक आज काय वाचतात, हा प्रश्न मला मनापासून महत्त्वाचा वाटतो, आणि तो विचारायला इथल्याच मुलांनी पुढे यावं अशी इच्छा आहे.

शिवाय आपल्या घरांतलं चित्र वेगळंच आहे. दांडिया बाजारात किंवा रावपुऱ्यात तीन पिढ्या एका छताखाली असतात. आजी मराठी कादंबऱ्या वाचते, वडील गुजराती पेपर, नात इंग्रजी माध्यमात शिकते आणि घरात मराठी बोलते. नातीला देवनागरी येते, पण हिंदीच्या तासाला शिकलेली. ती मराठी किती वाचते, केव्हा सोडते, कशामुळे पुन्हा धरते? हा प्रश्न महाराष्ट्रातल्या प्रबंधात याच रूपात सापडणार नाही.

मेहनत लागते ती प्रश्नावलीला. नेहमीची प्रश्नावली सुरू होते “तुम्ही दररोज किती वेळ वाचता?” इथून. समोरचा ‘एक तास’ वर खूण करतो, कारण वाचन चांगली गोष्ट आहे हे त्याला माहीत असतं. त्याऐवजी विचारा: “काल तुम्ही काय वाचलंत? कशावर, कागदावर की मोबाइलवर? साधारण कुठे बसून?” कालचं आठवून सांगताना माणूस फार फुगवत नाही. दुसरा नेहमीचा प्रश्न, “वर्षात किती पुस्तकं वाचता?” दांडिया बाजारातल्या एखाद्या काकू त्यावर शून्य लिहितील आणि दिवाळीत पाच अंक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढतील. तुमच्या कोष्टकात त्या ‘न वाचणाऱ्या’ ठरतात. १९०९च्या ‘मनोरंजन’पासून चालत आलेली दिवाळी अंकाची परंपरा ज्या प्रश्नावलीत बसत नाही, ती मराठी घरात नेऊ नये.

नमुन्याबद्दलही नीट विचार करा. क्रेजसी-मॉर्गनचा १९७०चा तक्ता सगळे वापरतात: १,००० सभासद असतील तर २७८ जण घ्या, १०,००० असतील तर ३७०. पण तो तक्ता गृहीत धरतो की नावं यादीतून यादृच्छिक पद्धतीने निवडली आहेत. गूगल फॉर्म सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला आणि २७८ उत्तरं आली, तर ती वाचनाची आवड असलेल्या, मोबाइल सफाईने वापरणाऱ्या लोकांची उत्तरं आहेत. आजी त्यात नाही. सभासदांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून काढलेली ऐंशी माणसं आणि त्यांच्या घरी जाऊन घेतलेली उत्तरं मला अधिक मोलाची वाटतात. फक्त नमुना लहान का आणि त्यातून किती सांगता येतं, ते प्रामाणिकपणे लिहा.

शक्य असेल तर प्रश्नावलीला देवघेवीच्या नोंदींची जोड द्या. सोल किंवा कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या ग्रंथालयात वर्षभराच्या देवघेवीचा अहवाल निघतो. सभासदांची नावं आणि क्रमांक काढूनच तो घ्या. कोण काय वाचतं ही ज्याची त्याची खासगी बाब आहे. नेलेलं पुस्तक वाचलंच असेल असं नाही, हे खरं. पण लोक जे सांगतात आणि जे घरी नेतात, त्यांतली तफावत दिसली तर प्रबंधाचं सगळ्यात वाचनीय प्रकरण तेच होईल.

वेळ, खर्च आणि पुढची वाट

वेळेचं गणित सरळ आहे. प्रकाशनांचं काम रात्री घरी बसून होतं, खर्च जवळजवळ शून्य. वाचनाच्या कामात छपाई, रिक्षा, परवानग्या आणि पुन्हा पुन्हा मारलेले हेलपाटे येतात. संख्याशास्त्रासाठी मात्र जॅमोवी मोफत मिळतं, एसपीएसएस विकत घ्यायची गरज नाही.

नोकरीचा विचार केला तर विद्यापीठांत आणि संशोधन संस्थांत ग्रंथमिती जाणणाऱ्याला मागणी आहे, कारण एनआयआरएफ या शिक्षणसंस्थांच्या सरकारी क्रमवारीत प्रकाशनं आणि दाखले धरले जातात, आणि संस्थेची ती माहिती काढून बघण्याचं काम बहुधा ग्रंथालयाकडे येतं. यूजीसीच्या नेट परीक्षेच्या अभ्यासातही हा भाग येतो. सार्वजनिक किंवा शाळेच्या ग्रंथालयात जायचं असेल तर वाचकांशी बोलून केलेला प्रबंध मुलाखतीत तुमच्या बाजूने बोलतो. पीएच.डी. करायची असेल तर मी पुन्हा वाचनाकडेच झुकेन: सॉफ्टवेअर नंतर शिकता येतं, चांगला प्रश्न विचारायची सवय लवकर लागलेली बरी.

दोन्हींमध्ये मन अडकलं असेल तर ‘लायब्ररी मिसेलनी’चा विचार करा. त्याच्या मराठी आणि गुजराती विभागांत काय छापलं जात होतं, इंग्रजी भागाशी ते किती जुळत होतं, हे मोजता येईल. प्रकाशनाचा अभ्यासही होईल आणि त्या काळच्या वाचकाबद्दलही काही हाती लागेल. अंक कोणत्या वर्षांचे आणि कोणत्या स्थितीत आहेत, याची सेंट्रल लायब्ररी आणि विद्यापीठाच्या हंसा मेहता लायब्ररीत चौकशी करा, आणि अंक डोळ्यांनी पाहिल्याशिवाय विषय नोंदवू नका.

ठरवण्याआधी एक आठवडा द्या. ओपनअ‍ॅलेक्समधून पन्नास नोंदी काढून लेखकांची आणि संस्थांची नावं स्वतः दुरुस्त करून बघा. त्याच आठवड्यात ‘काल काय वाचलंत?’ हा प्रश्न ओळखीच्या नसलेल्या दहा जणांना विचारून बघा. ज्या कामात वेळ कसा गेला ते कळलं नाही, तो तुमचा विषय. वाचनाचा निघाला तर ग्रंथालयांना परवानगीची पत्रं सत्र सुरू होताच द्या आणि प्रश्नावल्या नवरात्राआधी भरून घ्या. गरबा सुरू झाला की बडोद्यात संध्याकाळी घरी कोणी भेटत नाही, पुढे लगेच दिवाळीची सुट्टी लागते आणि नंतर मुलांच्या परीक्षा.