कॉम्प्रेसर गेला: बदलायचा, की एसीच नवा घ्यायचा?

यंदाच्या उन्हाळ्यात आमच्या घरात एसीचे दोन कॉम्प्रेसर, म्हणजे आउटडोरमधले गॅस दाबून फिरवणारे मोटरचे डबे, गेले. एक आमचा, नागपूरचा. दुसरा धाकट्या बहिणीकडचा, डोंबिवलीचा. दोन्ही एसी दीड टनाचे स्प्लिट, दोन्ही मे महिन्यात, जेमतेम आठ दिवसांच्या अंतराने बंद पडले. तिने कॉम्प्रेसर बदलला, आम्ही एसीच बदलला, आणि दोघांचंही बरोबर झालं असं माझं मत आहे.

आमचा एसी 2013 चा, साधा, म्हणजे नॉन-इन्व्हर्टर, आर-22 गॅसवरचा. बहिणीचा 2020 चा इन्व्हर्टर, म्हणजे गरजेप्रमाणे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा, आर-32 या नव्या गॅसवरचा. पहिले दोन दिवस मी आणि मेहुणे फोनवर एकमेकांना एकच विचारत होतो, "कॉम्प्रेसर केवढ्याला पडतो?" तिसऱ्या दिवशी नागपुरातल्या सदर भागातला एक जुना मेकॅनिक आला. मी त्यालाही तेच विचारलं. तो म्हणाला, "भाऊ, आधी तो मेला कशानं ते पाहू द्या, मग भाव सांगतो." पुढचं सगळं मला त्या वाक्यातून कळत गेलं.

खरंच गेला आहे का?

सीझनमध्ये येणारा घाईतला माणूस आउटडोरजवळ दोन मिनिटं उभा राहतो आणि कॉम्प्रेसर गेला म्हणून सांगतो. अनेकदा गेलेला असतो फक्त कपॅसिटर, मोटरला सुरू व्हायला जोर देणारा छोटा भाग. साध्या एसीत कॉम्प्रेसर सुरू होताना नुसता घुमतो, काही सेकंदांत ओव्हरलोड, म्हणजे तापल्यावर तुटणारा संरक्षक स्विच, त्याला बंद करतो, थोड्या वेळाने पुन्हा तेच. हे लक्षण कपॅसिटरचं असू शकतं आणि तो काही शे रुपयांत येतो. दुसरी फसगत तापलेल्या कॉम्प्रेसरची. आतला ओव्हरलोड उघडलेला असला की मीटर वाइंडिंग, म्हणजे मोटरच्या तारेची गुंडाळी, तुटल्यासारखंच दाखवतो. दोन-तीन तास थंड होऊ द्यावा आणि मग मोजावं.

आमच्या मेकॅनिकने मेन बंद करून तिन्ही वायरी सोडल्या. साध्या कॉम्प्रेसरला कॉमन, रनिंग आणि स्टार्टिंग असे तीन पॉइंट असतात. कॉमन-रनिंग आणि कॉमन-स्टार्टिंग या दोन रीडिंगांची बेरीज रनिंग-स्टार्टिंगच्या रीडिंगइतकी यायला हवी. आमची बेरीज जुळली आणि मला हायसं वाटलं. मग त्याने एक टोक तांब्याच्या पाइपवर थोडं खरवडून टेकवलं, दुसरं कॉमनला, आणि मीटर वाजला. वाइंडिंग बॉडीला लागली होती. एसी लावला की एमसीबी का पडत होता, ते तेव्हा कळलं.

इन्व्हर्टरमध्ये हिशेब वेगळा. तिथे तिन्ही जोड्यांचं रीडिंग सारखं यावं लागतं. डोंबिवलीत पहिल्या माणसाने पीसीबी, म्हणजे कॉम्प्रेसर चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, गेला असं सांगून नऊ हजारांचा आकडा दिला होता. दुसऱ्याने मोजलं तेव्हा एक जोडी बरोबर आली आणि दोन जोड्यांत मीटर काहीच दाखवेना. म्हणजे एक वाइंडिंग तुटलेली. उलट तिन्ही रीडिंगं सारखी असती आणि बॉडीला काही लागत नसतं, तर संशय पीसीबीवर गेला असता. हे मोजमाप स्वतः करू नका. इन्व्हर्टरच्या बोर्डावरचे कपॅसिटर मेन बंद केल्यावरही काही वेळ जोरदार झटका देऊ शकतात. पण समोर उभं राहून "मीटर लावून दाखवा" म्हणायला काहीच हरकत नाही.

कशाने गेला?

कॉम्प्रेसर सहसा आपणहून मरत नाही. इनडोरच्या कॉइलकडून (जिच्यावरून खोलीची हवा थंड होते) परत येऊन त्याच्यातून वाहणारा गॅसच त्याच्या मोटरला गार ठेवतो. गॅस गळून कमी झाला की खोली थंड होत नाही, कॉम्प्रेसर थांबत नाही, आणि त्याला गार ठेवणाराही कोणी उरत नाही. बहिणीकडे हेच झालं होतं. एसी बसवताना आउटडोरचा एक फ्लेअर नट, म्हणजे पाइपाचं फुलवलेलं टोक आवळणारा नट, नीट बसला नव्हता. त्याच्याभोवती तेलाचा काळपट डाग दोन वर्षं दिसत होता, आणि तो धुळीचा आहे असं सगळे समजत होते. कारण सापडलं, आणि ते पाना आणि नव्या फ्लेअरने दुरुस्त होण्यासारखं होतं.

आमच्याकडे कारण जास्त वाईट निघालं. इनडोरची कॉइलच दोन ठिकाणी झिरपत होती. मागच्या दोन उन्हाळ्यांत "गॅस कमी झालाय" म्हणून नुसता गॅस भरून घेतला होता, लीकेज कोणी शोधलं नव्हतं. मीही आग्रह धरला नाही, ही माझी चूक. त्यात आउटडोर गच्चीवर, दुपारभर उन्हात, जाळीवर धुळीचा थर, आणि उन्हाळी संध्याकाळी व्होल्टेज पडलेलं.

नव्या कॉम्प्रेसरला तीच झिरपणारी कॉइल जोडली असती, तर त्याचंही मरण ठरलेलंच होतं. म्हणून कारण सांगता न येणाऱ्या माणसाकडून कॉम्प्रेसर बदलून घेऊ नये. खाडीकाठी, मोठ्या नाल्याशेजारी किंवा कोकणात समुद्राजवळ राहत असाल, तर कॉइलची तपासणी आधी करा. तिथली हवा तांबं खाते.

आकडे शेजारी शेजारी

हे आमच्या दोन घरांतले आकडे आहेत, गोळाबेरीज करून. तुमच्या गावी हजार-दोन हजार इकडेतिकडे होतील.

| | डोंबिवली: वॉरंटीत कॉम्प्रेसर | नागपूर: कॉम्प्रेसर बदलला असता तर | नागपूर: नवा 3 तारे इन्व्हर्टर |
|---|---|---|---|
| मुख्य वस्तू | 0 | 8,000 | 36,500 |
| गॅस | 3,000 | 3,500 | किमतीत |
| मजुरी, ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारा), जोडकाम | 2,200 | 3,000 | 3,500 (पाइप, स्टँडसह) |
| इनडोर कॉइल | नको | 7,000 | नको |
| जीएसटी | 936 | बिल नाही | किमतीत |
| जुन्याचे आले | – | – | 3,500 वजा |
| एकूण | 6,136 | 21,500 | 36,500 |
| वाट | 9 दिवस | कॉइल मिळाली तर 4 दिवस | 2 दिवस |

पहिला स्तंभ बघून बहिणीच्या शेजाऱ्यांनी विचारलं, "दहा वर्षांची वॉरंटी होती ना, मग सहा हजार कसले?" दहा वर्षांची वॉरंटी सहसा फक्त कॉम्प्रेसर या डब्याची असते. गॅस, मजुरी, ने-आण आणि त्यावरचा जीएसटी आपला. शिवाय बदलून मिळालेल्या कॉम्प्रेसरला नवी दहा वर्षं मिळत नाहीत, मूळ मुदतीतली उरलेली मिळतात. तरी वॉरंटी शिल्लक असेल, कारण सापडलं असेल आणि कॉइल धड असेल, तर दुसरा विचार करायची गरज नाही. फक्त बाहेरच्या माणसाला सिस्टिम उघडू देऊ नका, नाहीतर कंपनीचा माणूस तेवढंच निमित्त धरेल. खरेदीचं बिल आणि आउटडोरवरच्या सिरियल नंबरचा फोटो आजच काढून ठेवा. चार-पाच पावसाळ्यांनंतर ते स्टिकर वाचता येत नाही.

मधला स्तंभ हा खरा चकवा आहे. कॉइलचे सात हजार काढून टाकले की आकडा साडेचौदा हजारांवर येतो आणि मोह होतो. एका दुकानाने मला अगदी तेच सांगितलं: कॉइलला जोड मारतो, कॉम्प्रेसर बदलतो, चौदा-पंधरात काम. पण एका जागी कुजलेली कॉइल दुसऱ्या जागीही कुजलेलीच असते. शिवाय गॅस आर-22. ओझोनचा थर वाचवण्यासाठीच्या माँट्रियल कराराखाली तो टप्प्याटप्प्याने बंद होतोय, आणि 1 जानेवारी 2025 पासून भारतात नवी यंत्रं त्यावर बनवणं थांबलं आहे. दुरुस्तीसाठी अजून मिळतो, पण पुढे तो स्वस्त आणि मुबलक होणार नाही. "मग आर-32 भरून टाकू" असं कोणी म्हटलं तर त्याला चहा पाजून परत पाठवा. आर-32 चा दाब आर-22 च्या दीडपटीहून जास्त, कॉम्प्रेसरचं तेल वेगळं, आणि हा गॅस थोडाफार पेट घेणारा.

बाजारातला कॉम्प्रेसर घ्यायचाच असेल तर

वॉरंटी संपली आहे, पण एसी सहा-सात वर्षांचाच, आर-32 किंवा आर-410ए वरचा, कॉइल धड. अशा वेळी बाजारातला कॉम्प्रेसर घेणं शहाणपणाचं असतं. साध्या दीड टनीचा सहा ते नऊ हजारांत, इन्व्हर्टरचा त्याहून बराच महाग. "ओरिजिनल पाहिजे" हा हट्ट मात्र समजून धरा. एसीवर नाव ज्या कंपनीचं, तिनेच कॉम्प्रेसर बनवला असेल असं नाही. कराडला बऱ्याच वर्षांपासून कॉम्प्रेसर बनत आले आहेत, पण आज घरगुती स्प्लिट उघडलात तर आत बऱ्याचदा जीएमसीसी किंवा हायली असं नाव निघेल. म्हणून बघायची ती कॉम्प्रेसरवरची पट्टी: मॉडेल, गॅस, व्होल्टेज. इन्व्हर्टरमध्ये अगदी तोच मॉडेल लागतो, कारण पीसीबी त्याच मोटरसाठी बांधलेला असतो.

आणि अर्धं यश कामात असतं. डोंबिवलीत आलेल्या माणसाचं काम मेहुण्यांनी व्हिडिओ कॉलवर दाखवलं. त्याने जुना कॉम्प्रेसर काढून वाटीत थोडं तेल ओतलं. पिवळसर, बऱ्यापैकी स्वच्छ. ते काळं असतं आणि जळका आंबूस वास आला असता, तर आत आम्ल तयार झालेलं असतं, आणि पाइप धुतल्याशिवाय नवा कॉम्प्रेसर लावणं म्हणजे त्यालाही तेच विष पाजणं. मग जोड मारताना पाइपातून नायट्रोजन सोडला, म्हणजे आत काजळी धरत नाही. मग नायट्रोजनचाच दाब भरून साबणाच्या फेसाने प्रत्येक जोड बघितला. मग पाइपातली हवा आणि ओलावा ओढून काढायला व्हॅक्यूम पंप, पाऊण तास. शेवटी सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून आउटडोरच्या पट्टीवर लिहिलेले तेवढेच ग्रॅम आत सोडले.

यातलं व्हॅक्यूम आणि वजन ही दोन कामं सर्रास गाळली जातात. थोडा गॅस सोडून हवा बाहेर ढकलायची, मग पाइपला हात लावून "झाला बघा थंड" म्हणायचं. आत राहिलेला ओलावा तेलाशी भांडतो, आणि सहा महिन्यांनी पुन्हा कॉम्प्रेसर गेलेला. फोनवरच विचारा, पंप आणि काटा आणणार का? जो टाळाटाळ करेल त्याला बोलवू नका.

रिकंडिशन, म्हणजे डबा कापून वाइंडिंग करून पुन्हा वेल्ड केलेला कॉम्प्रेसर तीन-चार हजारांत मिळतो. मी घेणार नाही. भाड्याच्या खोलीत एकच उन्हाळा काढायचा असेल तर तुमची मर्जी. नुसता आउटडोर बदलायचा पर्यायही कोणी सुचवतं. मॉडेल तंतोतंत तेच नसेल तर नको.

नव्या एसीची बाजू, आणि दुकानदाराचं गणित

दुकानात सांगतात, नवा घ्या, दोन वर्षांत लाइट बिलातून पैसे वसूल. मी घरी येऊन हिशेब मांडला. ताऱ्यांच्या लेबलवरचे वार्षिक युनिट 1600 तासांच्या वापराचे असतात. आमच्या नव्या एसीवर हजाराच्या आसपास आकडा आहे, आणि जुना त्याच हिशेबाने साधारण 1350 युनिट खात असणार. पण आम्ही विदर्भातले लोक. दिवसा कूलर, एसी फक्त रात्री, आणि जूनमध्ये हवा दमट होऊन कूलर निरुपयोगी झाला की थोडा जास्त. वर्षाला हजारेक तास. म्हणजे बचत 220 युनिट, बाराच्या दराने धरली तर 2,600 रुपये. मधल्या आणि शेवटच्या स्तंभातला 15,000 चा फरक वसूल व्हायला पावणेसहा वर्षं. दोन नव्हे.

त्यात आणखी एक खोच. लेबलचा हिशेब 24 ते 43 अंश बाहेरचं तापमान धरून केलेला असतो. नागपूर, चंद्रपूर, अकोला मे महिन्यात 43 सहज ओलांडतात, आणि अशा दुपारी एसी लावलाच तर इन्व्हर्टर बहुतेक पूर्ण वेगानेच पळतो, त्याची हळू चालण्याची बचत फारशी उरत नाही. हे, आणि आमचे वापराचे कमी तास बघून मी पाच तारे न घेता तीन घेतले. बहिणीसारखं वर्षातले आठ महिने एसी लावणाऱ्यांनी पाचाचा विचार जरूर करावा. आणि ताऱ्यांपेक्षा लेबलवरच्या युनिटांकडे जास्त लक्ष द्या. तारे मोजण्याची पट्टी मध्येमध्ये बदलते, त्यामुळे जुने पाच आणि नवे पाच सारखे नसतात.

मग आम्ही नवा घेतला तो वीजबचतीसाठी नव्हेच. तेरा वर्षांच्या, कुजलेल्या कॉइलच्या, आर-22 च्या यंत्रात 21,500 घालून हातात बिलही नसतं आणि वॉरंटीही नसती. नव्यात दहा वर्षांची कॉम्प्रेसर वॉरंटी, आणि 22 सप्टेंबर 2025 पासून एसीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आल्याने किंमतही आधीपेक्षा बरी होती. कोटेशन नव्या एसीच्या चाळीस टक्क्यांच्या आत आणि यंत्र दहा वर्षांच्या आत, तर दुरुस्ती, ही माझी घरगुती रेघ. आमचं कोटेशन जवळपास साठ टक्क्यांवर होतं.

एक्स्चेंजमध्ये साडेतीन हजार आले ते आतल्या तांब्याचे, हे लक्षात ठेवून भाव करा. दुकानाने आधी पंधराशे म्हटले होते. जुना आउटडोर उतरवायला आलेल्या पोराने व्हॉल्व्ह सरळ उघडायला पाना लावला, तेव्हा सदरवाल्या मेकॅनिकने त्याला थांबवलं, स्वतःचा रिकामा सिलिंडर लावून उरलासुरला आर-22 त्यात ओढून घेतला आणि मला म्हणाला, "याचा भाव आता सोन्यासारखा वाढून राहिला भाऊ, हवेत कायले सोडता?"