जुन्या सिनेमा-जाहिरातींच्या कात्रणांसाठी पॉलिएस्टर स्लीव्ह: काय जमतं, काय नाही

वर्तमानपत्रातली जुनी सिनेमाची जाहिरात जपायला लगतच्या दोन कडा जोडलेली आणि दोन उघडी असलेली, एल आकाराची पॉलिएस्टर स्लीव्ह, म्हणजे पारदर्शक फिल्मचं पाकीट, हाच आमच्या मते सगळ्यात भरवशाचा पर्याय आहे. पण ती एकटी पुरत नाही.

न्यूजप्रिंट बनतो लाकडाच्या लगद्यापासून, लिग्निन या लाकडातल्या घटकासकट. उजेड आणि हवा लागून तो पिवळा पडतो, आत आम्ल तयार होत राहतं आणि कागद ठिसूळ होतो. स्लीव्ह हे थांबवत नाही. हाताळताना कडा तुटू देत नाही आणि स्वतःचं काही कागदात सोडत नाही, एवढंच तिचं काम. पीव्हीसीच्या पाकिटाचं नेमकं उलटं. त्याला मऊ ठेवणारं रसायन हळूहळू बाहेर येतं, शाई प्लॅस्टिकला धरते आणि कात्रण काढायला जावं तर नायिकेचा अर्धा चेहरा पाकिटावरच राहतो.

नुसत्या लेबलवर विश्वास नको. स्लीव्हचा लहानसा तुकडा कापा. तांब्याची तार ज्योतीत धरून ज्योतीला रंग येईनासा झाला की ती गरम असतानाच तुकड्याला टेकवा आणि परत ज्योतीत न्या. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे, बहुधा पीव्हीसीच. धूर घातक असतो, त्यामुळे हे मोकळ्या हवेत करा.

लहान कात्रणाला 75 मायक्रॉन जाडी पुरते, पूर्ण पानाला 100 घ्या. चारी बाजूंनी साधारण 1 सेंटिमीटर जागा सुटायला हवी. कात्रण वरून सरकवू नका, वाळलेली कड अडकते आणि तिथेच फाटते. वरची फिल्म वहीच्या पानासारखी उलगडा, आधी कॅल्शियम कार्बोनेट असलेला आम्लरोधी कागद ठेवा, त्यावर जाहिरात, मग फिल्म सोडा. हा कागद आम्ल शोषतो, म्हणून तो हवाच. चारी कडा बंद असलेली स्लीव्ह दिसायला नीटस, पण आम्ल आतच कोंडून नासाडी वाढवते. लॅमिनेशन तर नकोच, ते परत काढता येत नाही.

एक अडचण खरी आहे: मागे कागद लावला की जाहिरातीची मागची बाजू झाकली जाते, आणि अस्सलपणाचा पुरावा बऱ्याचदा तिथेच असतो. जुनं पान मागे कोरं सहसा नसतं, कुठल्या तरी बातमीचा तुकडा असतोच. म्हणून आत घालण्याआधी दोन्ही बाजू 600 डीपीआयला स्कॅन करा. कात्रणाच्या पाठीशी काळा कागद धरा, म्हणजे मागचा मजकूर उमटणार नाही. वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख कापली गेली असेल, तर माहीत असलेलं सगळं आम्लरोधी कागदावर पेन्सिलीने लिहा. थिएटरांची नावं आणि खेळांच्या वेळा असलेली खालची पट्टी मात्र कधीच छाटू नका. सिनेमाच्या इतिहासाचा खरा ऐवज ती आहे, आणि विकणारे नेमकी तीच कापतात.

पॉलिएस्टरमधून अतिनील किरण आरपार जातात, तेव्हा भिंतीवर लावायची ती स्कॅनची छापील प्रत. शिवाय फिल्मला स्थिर वीज धरते. धड कात्रण त्यामुळे जागचं हलत नाही, पण घडीवर तुकडे पडू लागलेल्या पानाचे कण ती ओढून घेते. असं पान स्लीव्हमध्ये घालूच नका. आम्लरोधी कागदाच्या घडीत ठेवून सपाट खोक्यात आडवं ठेवा.