बिडाचा तवा, बर्गर आणि रत्नागिरीचा पावसाळा: नऊ महिन्यांनंतर

जुलैत चार दिवस माहेरी देवरुखला राहून आले, तर तव्यावर गंज. डिसेंबरात १,४०० रुपये मोजून घेतलेला, दहा इंची, बिडाचा. खोक्यावर ‘सीझनिंग केलेला’, म्हणजे तेलाचा थर तापवून बसवलेला, असं छापलंय. फोटो पाठवले, तीन वेळा फोन केले. उत्तर एकच, गंज वॉरंटीत बसत नाही. किनाऱ्यावरच्या गिऱ्हाइकाला विकताना खाऱ्या हवेबद्दल खोक्यावर एक ओळ तरी नको का? त्या रात्री रागाने दोन तारे दिले होते. आज चार करतेय.

घेतला होता फक्त बर्गरसाठी. मुलांना ते हवेच असतात. आधी नॉनस्टिकवर करायचे, पण तो कडकडीत तापवता येत नाही. २६० अंशांपुढे त्याचा थर खराब होऊ लागतो. मध्यम आचेवर खिम्याला पाणी सुटतं आणि टिक्की भाजण्याऐवजी उकडते. बीड जड, तापायला सात-आठ मिनिटं घेतं, पण गार खिमा पडला तरी निवत नाही. सुटलेलं पाणी लगेच उडून जातं आणि खालची बाजू खरपूस होते.

बोकडाचा खिमा फार कोरडा. म्हणून खाटकाला ८०० ग्रॅम मांसात २०० ग्रॅम चरबी घालूनच खिमा करायला सांगते. मीठ आत मळत नाही, मळलं की टिक्की रबरासारखी घट्ट होते. तव्यावर टाकल्यावर वरून भुरभुरवायचं. ८० ग्रॅमचा गोळा पहिल्या अर्ध्या मिनिटातच उलथन्याने सपाट दाबायचा. उशिरा दाबलात तर वितळलेली चरबी बाहेर येते. दोन मिनिटांनी खरवडून उलटायची. आत लालसर ठेवू नका, खिमा ७१ अंशांपर्यंत शिजायलाच हवा. उरलेल्या चरबीत बेकरीचा पाव शेकायचा. नॉनस्टिकवर हे कधीच जमलं नव्हतं.

आता पुन्हा गंजाकडे. सासूबाईंचा घावनांचा तवा त्याच स्वयंपाकघरात, त्याच पावसात, आणि स्वच्छ काळा. त्यांनी विचारलं, “यात आंबट काय केलं होतंस?” देवरुखला निघायच्या आदल्या दिवशी कोकम घालून कोळंबी परतली होती. आंबटाने तेलाचा थर गेला आणि उघड्या बिडाला दमट हवा लागली.

मग जाडं मीठ टाकून नारळाच्या काथ्याने घासला, गॅसवर कोरडा केला, तेलाचा हात फिरवून तवा कोरडा दिसेपर्यंत पुसला आणि धूर येईस्तोवर तापवला. असं तीनदा. तेल जास्त राहिलं तर चिकट थर बसतो, तेवढं सांभाळा. आता धुतला की लगेच विस्तवावर वाळवते आणि अर्धा कांदा तेलात बुडवून फिरवते, सासूबाई घावनांआधी फिरवतात तसा. ऑगस्टभर एकही ठिपका नाही, टिक्कीही चिकटली नाही.

मग १,४०० रुपये वाया गेले का, म्हणून सासूबाईंच्या तव्यावरही बर्गर करून पाहिले. तो खोलगट आहे, चरबी मध्ये साचते आणि कडा पांढुरक्या राहतात. बर्गरला सपाट तळच हवा, तेव्हा पैसे वसूल.

पाचवा तारा मात्र देणार नाही. काथ्याने घासून तीनदा तापवायचं हे त्या तीन फोनांत कुणीतरी सांगायला हवं होतं.