गोल्फच्या ग्रीनला भोकं कधी पाडायची: मिरगाआधी की दसऱ्यानंतर?

ग्रीन म्हणजे गोल्फचा चेंडू ज्या खळग्यात ढकलायचा त्याभोवतीची बारीक कापलेली हिरवळ. तिला पोकळ टाइनने, म्हणजे मातीची कांडी उपसून काढणाऱ्या नळीसारख्या खिळ्याने, वर्षातून एकदा तरी भोकं पाडायचीच, यावर वाद नाही. गोव्यात अडतं ते महिन्यावर. वर्षाचा सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. नोव्हेंबरपासून खेळणारे येतात. म्हणजे हाताशी उरतो मेचा पहिला पंधरवडा, नाहीतर ऑक्टोबर. किनाऱ्याजवळच्या एका कोर्सवर मी दोन्ही करून पाहिलं. गवत टिफड्वार्फ, म्हणजे आपल्या हरळीच्याच कुळातलं बुटकं वाण.

ऑक्टोबरची बाजू लंगडी नाही. चार महिने ढगांखाली राहून गवत मरगळलेलं असतं, शेवाळ धरलेलं असतं, मेलेल्या काड्यांचा थर जाड झालेला असतो. तो काढायला हीच वेळ, असं वाटणं साहजिक आहे. तळं भरलेलं असतं, चवथीला गावी गेलेली माणसंही परतलेली असतात.

मला नडली ती रेती. अर्ध्या इंचाची टाइन दोन-दोन इंचांवर मारली की पृष्ठभागाचा जवळजवळ ५ टक्के भाग बाहेर येतो. ती सगळी भोकं तळापर्यंत रेतीने भरली, तरच त्या मेहनतीला अर्थ. ऑक्टोबरात ताडपत्रीखालचा ढीगही आतून ओलाच असतो, सकाळी गवतावर दव, दुपारी परतीच्या पावसाची सर. ब्रश फिरवला की रेतीच्या गुठळ्या होतात आणि भोकाच्या तोंडाशी बसतात. वरून सगळं भरल्यासारखं दिसतं. बोट घातलं की टोपण आत पडतं, खाली पोकळ. वर राहिलेली रेती मग मोअरच्या, म्हणजे गवत कापायच्या यंत्राच्या, पात्यांत जाते आणि धार लावण्यात दिवस जातात. रेती सुकेपर्यंत थांबावं तर नोव्हेंबर उजाडतो, खेळणारे दारात उभे.

मेमध्ये तीच चाळलेली रेती रव्यासारखी सरसरत आत उतरते. मी संध्याकाळी ब्रश फिरवतो, कारण भर उन्हात पाती घासली तर करपतात. उकाड्यात हरळी जोमाने वाढते, साधारण दोन-तीन आठवड्यांत भोकं मिटतात आणि पाऊस येतो तेव्हा पाण्याला खाली जायला वाट असते. फक्त ऑक्टोबरात भोकं पाडली होती, त्याच्या पुढच्या पावसाळ्यात माडांच्या सावलीतल्या सखल ग्रीनमधून मातीची कांडी काढून पाहिली. दोन इंचांखाली काळा पट्टा, नासक्या अंड्यासारखा वास, म्हणजे पाणी साचून आतली हवा कोंडल्याची खूण. मेमध्ये भोकं पाडायला लागल्यापासून तो पट्टा तिथे दिसलेला नाही. एका ग्रीनवरून नियम काढू नये, पण माझं मन त्या वासाने बदललं.

मेला पाणी मात्र लागतं. भोकांच्या कडा उन्हाने लगेच सुकतात, दुपारी हलका शिडकावा चुकवून चालत नाही. वळिवाचा भरवसा नसतो, म्हणून पसरलेली रेती त्याच दिवशी आत घालायची, उद्यावर टाकायची नाही. पावसाळ्यानंतरच्या शेवाळाला मी ऑक्टोबरात बारीक भरीव टाइन मारतो. तिला रेती लागत नाही आणि खेळही फारसा थांबत नाही.

तुमचं तळं मेमध्ये तळ गाठत असेल तर ऑक्टोबर घ्या. रेती तेवढी उन्हाळ्यातच आणून सुकवा आणि पक्क्या छपराखाली, जमिनीपासून उचलून ठेवा.