बायबल अभ्यासासाठी विंडोज, मॅक की लिनक्स?

बायबलचा अभ्यास संगणकावर करू पाहणारा माणूस बहुधा पहिला प्रश्न संगणकाविषयीच विचारतो: विंडोज घ्यावे, मॅक घ्यावा, की विनामूल्य मिळणारे लिनक्स पुरेल? या तिन्ही ऑपरेटिंग सिस्टीमवर मी गेली अनेक वर्षे आलटून पालटून काम केले आहे. प्रवचनाची तयारी, हिब्रू आणि ग्रीक पाठाचे वाचन, भाषांतरांची वचनावार तुलना आणि टिपणे लिहिणे ही सारी कामे तिन्हींवर करून पाहिल्यानंतर माझे मत असे झाले आहे की हा प्रश्न उलट्या क्रमाने सोडवावा लागतो. आपल्याला कोणते ग्रंथ लागणार हे आधी ठरवावे, ते कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये मिळतात हे नंतर पाहावे आणि सिस्टीमची निवड सर्वांत शेवटी करावी. संगणक काही वर्षांनी बदलतोच. भाष्यग्रंथांचा, कोशांचा आणि स्वतःच्या टिपणांचा संग्रह मात्र आयुष्यभर सोबत राहावा अशी आपली अपेक्षा असते.

विंडोजची बाजू थोडक्यात सांगता येते, कारण ती सरळ आहे. या क्षेत्रातले जवळजवळ प्रत्येक नावाजलेले सॉफ्टवेअर विंडोजवर चालते. लोगोस, ऑलिव्ह ट्री, विनामूल्य मिळणारे ई-सोर्ड आणि द वर्ड ही सर्व तेथे आहेत; १९९४ साली मॅकसाठी जन्मलेले ॲकॉर्डन्ससुद्धा २०१३ साली विंडोजवर आले. यापेक्षाही मोठा गुण म्हणजे विंडोज जुन्या सॉफ्टवेअरला सहसा टाकून देत नाही. ३२ बिटचे, म्हणजे जुन्या पिढीच्या प्रोसेसरसाठी लिहिलेले प्रोग्रॅम विंडोज ११ वरही चालू शकतात. मूळ भाषांच्या अभ्यासकांचे आवडते बायबलवर्क्स जून २०१८ मध्ये बंद झाले, त्याची नवी आवृत्ती आता कधीही येणार नाही, आणि तरीही ज्यांच्याकडे ते आहे असे पुष्कळ लोक आजही त्यावरच काम करतात. हे शक्य झाले ते प्रामुख्याने विंडोजच्या या स्वभावामुळे. अडचण आहे ती यंत्रांची. विंडोज १० ला सुरक्षा-सुधारणा मिळण्याची सर्वसाधारण मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप व ठरावीक पिढीचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे एरवी उत्तम चालणारे अनेक जुने संगणक अधिकृत रीतीने पुढे नेता येत नाहीत. अशा यंत्राचे काय करावे, हे लिनक्सच्या संदर्भात पुढे सांगितले आहे.

मॅकविषयी मला अधिक सविस्तर लिहिले पाहिजे, कारण त्याचे गुण आणि दोष दोन्ही ठळक आहेत. वाचनाचा आनंद म्हणाल तर तो मला मॅकवर सर्वाधिक मिळाला. हिब्रू अक्षरांखालची स्वरचिन्हे, त्यांच्या जोडीला येणारी पठणचिन्हे, ग्रीक स्वरांवरचे श्वासचिन्ह आणि आघात हे सर्व पडद्यावर स्वच्छ उमटते, आणि तासन्‌तास वाचूनही डोळ्यांना शीण होत नाही. ॲकॉर्डन्सचा वेग आणि मूळ भाषांतील व्याकरणाधारित शोध यांची ख्याती याच सिस्टीमवर झाली. एखाद्या क्रियापदाचे विशिष्ट रूप, त्यानंतर तीन शब्दांच्या आत येणारे विशिष्ट नाम, आणि तेही केवळ संदेष्ट्यांच्या पुस्तकांत, असा शोध तेथे क्षणात पुरा होतो.

परंतु ॲपलचा इतिहास पाहिला तर ही कंपनी मागचे दार बंद करताना फारसा संकोच करत नाही, हे मान्य करावे लागते. २००७ च्या लेपर्ड आवृत्तीने जुन्या मॅक ओएसचे प्रोग्रॅम चालवण्याची सोय काढली. २०११ च्या लायनने मॅकमधल्या जुन्या पॉवरपीसी प्रोसेसरसाठी लिहिलेले प्रोग्रॅम बंद केले. २०१९ च्या कॅटालिनाने ३२ बिटचे सर्व प्रोग्रॅम एका रात्रीत निरुपयोगी केले, आणि विंडोजचे बायबलवर्क्स रूपांतर-साधनाच्या आधाराने मॅकवर चालवणाऱ्यांनाही त्याचा फटका बसला. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलच्या स्वतःच्या चिपचे संगणक आले, तेव्हापासून त्यांवर बूट कॅम्प नाही. म्हणजे त्याच यंत्रावर विंडोज थेट सुरू करण्याचा मार्ग संपला. पॅरलल्ससारख्या आभासी यंत्रात (संगणकाच्या आत चालणाऱ्या दुसऱ्या संगणकात) एआरएम प्रकारचे, म्हणजे अशा चिपसाठीचे विंडोज चालवता येते आणि त्यात जुने विंडोज प्रोग्रॅम बरेचसे चालतातही, पण त्यासाठी वेगळा खर्च आणि भरपूर मेमरी लागते. इंटेलसाठी लिहिलेले प्रोग्रॅम चालवणारे रोझेटाही पुढील आवृत्त्यांतून मर्यादित होणार असल्याचे ॲपलने २०२५ मध्ये जाहीर केले आहे. म्हणून मॅक घेणाऱ्याने एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी की ज्या सॉफ्टवेअरचे निर्माते ते सातत्याने सुधारत आहेत तेच मॅकवर टिकते. ॲकॉर्डन्स या सर्व स्थित्यंतरांतून वाचले ते त्याच्या निर्मात्यांनी प्रत्येक वेळी ते नव्याने घडवले म्हणून. काम थांबलेल्या सॉफ्टवेअरवर ज्याची भिस्त आहे त्याने मॅकच्या वाटेला जाऊ नये, असे मी स्पष्टपणे सांगेन.

लिनक्सबद्दल दोन टोकांची मते ऐकू येतात आणि मला दोन्ही अपुरी वाटतात. त्यावर काही चालत नाही असे म्हणणाऱ्यांनी बहुधा सोर्ड प्रकल्प पाहिलेला नसतो. क्रॉसवायर बायबल सोसायटीचा हा मुक्तस्रोत प्रकल्प आहे. एकाच ग्रंथभांडारावर वेगवेगळे वाचन-प्रोग्रॅम चालावेत अशी त्याची रचना आहे. लिनक्सवर झायफॉस आणि बायबलटाइम, मॅकवर एलोक्वंट, अँड्रॉइडवर अँडबायबल हे सर्व त्याच स्वरूपाचे ग्रंथ उघडतात. माझ्या लिनक्स संगणकावरील सोर्डचे फोल्डर मी जसेच्या तसे विंडोजवरच्या झायफॉसला दाखवले आणि सर्व भाषांतरे, कोश व भाष्ये तेथे ताबडतोब हजर झाली. पैसे देऊन घेतलेल्या कोणत्याही ग्रंथसंग्रहाने मला इतक्या सहजतेने स्थलांतर करू दिलेले नाही. हिब्रूचा लेनिनग्राड हस्तलिखितावर आधारलेला पाठ, एसबीएल (सोसायटी ऑफ बिब्लिकल लिटरेचर) या संस्थेचा ग्रीक नवा करार, आणि १८९० साली प्रसिद्ध झालेल्या स्ट्राँगच्या शब्दसूचीने मूळ शब्दांना दिलेले क्रमांक (हिब्रूसाठी १ ते ८६७४, ग्रीकसाठी १ ते ५६२४) इतकी सामग्री विनामूल्य हाती असताना गंभीर अभ्यासाला सुरुवात करण्यासाठी काही कमी पडत नाही. केंब्रिजच्या टिंडेल हाउसने उभारलेले स्टेप बायबल ब्राउझरमध्ये चालते, आणि ते उतरवून घेऊन इंटरनेटशिवायही वापरता येते.

लिनक्सवर सर्व काही भागते असे म्हणणाऱ्यांनी मात्र प्रताधिकाराचा प्रश्न विसरू नये. आधुनिक भाषांतरे आणि अलीकडच्या विद्वानांची भाष्ये यांचे हक्क प्रकाशकांकडे असतात, आणि त्यांपैकी फारच थोडी मुक्त भांडारात येतात. तेथे मिळणारी भाष्ये बहुतांशी शंभर वर्षांहून जुनी आहेत. त्यांतली काही आजही मोलाची आहेत, पण मृत समुद्राजवळ १९४७ पासून सापडलेल्या प्राचीन हस्तलिखित गुंडाळ्यांचा त्यांना पत्ता नाही, आणि यशयासारख्या पुस्तकाच्या पाठाची चर्चा त्या गुंडाळ्यांशिवाय आज पुरी होऊच शकत नाही. लोगोसची लिनक्ससाठी अधिकृत आवृत्ती नाही. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या वाइन या साधनाच्या साहाय्याने ते चालवण्याची खटपट काही उत्साही मंडळींनी चिकाटीने केली आहे आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे, पण सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की जमलेले गणित बिघडू शकते. रविवारच्या उपासनेत ज्याला प्रवचन द्यायचे आहे त्याने शनिवारी रात्री अशा दुरुस्तीत अडकावे हे मला योग्य वाटत नाही. लोगोसची ब्राउझरमधून चालणारी आवृत्ती लिनक्सवर व्यवस्थित उघडते, परंतु तिच्यात संगणकावरील आवृत्तीची सर्व साधने नाहीत आणि तिला इंटरनेट अखंड लागते. विंडोज ११ ला न पेलणारा जुना संगणक ज्याच्या घरी आहे आणि ज्याचा अभ्यास मुख्यतः पवित्र शास्त्राच्या पाठावरच आहे, त्याने तो संगणक टाकून देण्याआधी लिनक्स अवश्य घालून पाहावे. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला पाच वर्षे सुरक्षा-सुधारणा मिळतात, आणि झायफॉसला किंवा बायबलटाइमला फार ताकदवान यंत्र लागत नाही.

आता अक्षरांचा विषय. निवड करताना लोक त्याचा विचार सर्वांत कमी करतात आणि पुढे त्रास मात्र त्याचाच सर्वाधिक होतो. मराठी वाचकाच्या पडद्यावर देवनागरी, हिब्रू आणि ग्रीक या तीन लिप्या शेजारी शेजारी येतात, आणि त्यांतली हिब्रू उजवीकडून डावीकडे जाते. सॉफ्टवेअरच्या चौकटीत तिन्ही नीट दिसतात. कसोटी लागते ती वचन तेथून उचलून लेखात चिकटवताना. उत्पत्ती १:१ चा हिब्रू पाठ स्वरचिन्हांसह मराठी वाक्याच्या मध्यभागी चिकटवून पाहावा. शब्दांचा क्रम उलटला, पूर्णविराम भलत्या टोकाला गेला किंवा स्वरचिन्हे अक्षरांपासून सुटली, तर कोठेतरी गफलत आहे असे समजावे. पूर्वी मॅकवर हा मोठा दोष होता. मायक्रोसॉफ्ट वर्डला उजवीकडून डावीकडे लिहिण्याची क्षमता मॅकवर २०१६ च्या आवृत्तीपर्यंत नव्हती. लिनक्सवरील लिबर ऑफिस या लेखन-सॉफ्टवेअरने २०१३ सालच्या ४.१ या आवृत्तीत अक्षरजुळणीसाठी हार्फबझ हे साधन स्वीकारले, आणि तेव्हापासून देवनागरी जोडाक्षरे व हिब्रू चिन्हे दोन्ही तेथे नीट बसतात. आज एसबीएल हिब्रू किंवा एझ्रा एसआयएल यांपैकी एक फॉन्ट घातला की तिन्ही सिस्टीम या परीक्षेत उतरतात. टंकलेखनात मात्र लिनक्सने मला सुखद धक्का दिला, कारण बायबलच्या हिब्रूसाठीचा, स्वरचिन्हे थेट टंकता येणारा कीबोर्ड त्यात आधीपासूनच असतो. देवनागरीसाठी इनस्क्रिप्ट या कीबोर्ड-रचनेची सोय तिन्हींवर सारखीच चांगली आहे.

युनिकोड, म्हणजे सर्व लिप्यांच्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणारी प्रमाण पद्धत, रुळण्यापूर्वीच्या सॉफ्टवेअरमध्ये हिब्रू-ग्रीकसाठी खास फॉन्ट वापरले जात. त्या काळातली टिपणे कोणाकडे असतील तर ती वेळीच युनिकोडमध्ये आणून ठेवावीत. फॉन्ट हरवला की तेथे केवळ रोमन अक्षरांची निरर्थक रांग उरते, आणि हे कोणत्याही सिस्टीमवर घडते.

टिपणांबाबत माझा स्वतःचा एक कटू अनुभव सांगणे येथे आवश्यक आहे. रोमकरांस पत्रावरील माझी कित्येक वर्षांची टिपणे मी एका सॉफ्टवेअरमध्येच लिहीत गेलो. संगणक बदलताना सिस्टीमही बदलली, आणि तेव्हा लक्षात आले की ती टिपणे त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या बंदिस्त स्वरूपात आहेत व नव्या सिस्टीमवर ती उघडण्याचा मार्ग नाही. जुना संगणक पुन्हा सुरू करून एकेक अध्याय हाताने उतरवून घेण्यात माझा संपूर्ण पावसाळा गेला. तेव्हापासून मी वचनाला जोडलेली छोटी टीप सॉफ्टवेअरमध्ये ठेवतो आणि विस्तृत लेखन साध्या मजकुराच्या फाइलमध्ये करतो, कारण ती फाइल कोठेही उघडते.

यंत्राच्या क्षमतेबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. लोगोससारखे मोठे सॉफ्टवेअर नवे ग्रंथ उतरवल्यावर शोधासाठी त्यांची सूची तयार करते आणि त्या काळात संगणक मंदावतो, म्हणून एसएसडी (वेगवान साठवण-साधन) असलेलेच यंत्र घ्यावे. ८ जीबी मेमरीत काम भागते, १६ जीबीत ते सुखाने होते. क्रोमबुकवर अँड्रॉइडची ॲप्स आणि स्टेप बायबल चालतात व वाचनासाठी ती पुरेशी आहेत, पण अनेक ग्रंथ एकाच वेळी उघडून काम करणाऱ्याला त्यांची चौकट अपुरी पडते.

ज्याने अजून एकही ग्रंथ विकत घेतलेला नाही आणि ज्याला आधुनिक भाष्ये लागणार आहेत, त्याला मी आज विंडोज सुचवतो. ज्याचे मन मूळ भाषांत रमते, ज्याला खर्च परवडतो आणि जो दर काही वर्षांनी नव्या आवृत्तीसाठी पैसे मोजायला तयार आहे, त्याला मॅकवर ॲकॉर्डन्ससह अधिक समाधान मिळेल. मी स्वतः दररोजचे वाचन आणि लेखन लिनक्सवर करतो आणि विकत घेतलेल्या भाष्यांसाठी शेजारी एक विंडोज यंत्र ठेवले आहे.

कोणतीही सिस्टीम पसंत पडली तरी पैसे देण्यापूर्वी त्या यंत्रावर स्तोत्र ५१ उघडून पाहावे. हिब्रू पाठात त्या स्तोत्राच्या शीर्षकाला पहिली दोन वचने मोजतात, म्हणून आपल्या भाषांतरातले पहिले वचन तेथे तिसरे असते. समांतर चौकटीत हिब्रू आणि मराठी पाठ योग्य जोडीने उभे राहिले, त्यांतले एक वचन लेखात नीट चिकटले आणि त्यावर लिहिलेली टीप साध्या मजकुराच्या रूपात बाहेर काढता आली, तर ते यंत्र निःशंकपणे घ्यावे.