अर्जाचा क्रमांक म्हणजे ट्रेडमार्क नव्हे

कांदा-लसूण मसाल्याचा आमचा घरगुती व्यवसाय कोल्हापुरात 2012 पासून चालू आहे. पाकिटावरील नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवून देण्याची हमी घेणाऱ्या शहरातील एका सल्लागाराने आमच्याकडून 9,000 रुपये ‘सरकारी शुल्क’ म्हणून आणि आपली फी वेगळी घेतली. वास्तविक, व्यक्तीच्या नावाने ऑनलाइन अर्ज केल्यास मालाच्या एका वर्गासाठी 4,500 रुपयेच लागतात आणि मसाल्यांना तीस क्रमांकाचा वर्ग पुरतो. चार दिवसांत त्याने शिक्का मारलेला, लॅमिनेट केलेला कागद ‘सर्टिफिकेट’ म्हणून हाती दिला आणि पाकिटांवर वर्तुळातील ‘आर’ छापण्यास सांगितले. तो कागद केवळ अर्ज दाखल झाल्याची पोच होती. वर्तुळातील ‘आर’ नोंदणीनंतरच वापरता येतो. तोवर ‘टीएम’ एवढेच लिहायचे असते.

पुढे सांगलीच्या एका उत्पादकाची वकिली नोटीस आली, तेव्हा खरा प्रकार कळला. त्याच्या ब्रँडचे नाव उच्चारात आमच्यासारखेच आहे, फरक फक्त इंग्रजी स्पेलिंगचा. ‘स्पेलिंग बदलले की नाव वेगळे,’ हे सल्लागाराचे पालुपद होते, पण कायदा तसे मानत नाही. सर्वसाधारण गिऱ्हाइकाच्या कानाला आणि धूसर आठवणीला दोन्ही नावे सारखी वाटतात का, हे पाहिले जाते. ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ ही औषधांची नावेदेखील गोंधळ करणारी असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये ठरवले होते. तरीही अमृतधारावाल्यांनी दीर्घकाळ हरकत न घेतल्यामुळे लक्ष्मणधाराला उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मिळाली. सारख्या नावांना एकत्र नांदू देणारी अशी वाट कायद्यात आहे, मात्र त्यासाठी वापराचा पुरावा लागतो.

नेमका तोच आमच्या अर्जात नव्हता. जुन्या वापराचा दावा केल्यास प्रतिज्ञापत्र आणि बिले जोडावी लागतात. ती कटकट टाळण्यासाठी सल्लागाराने ‘वापर प्रस्तावित’, म्हणजे नाव अजून वापरात नाही, असे लिहून टाकले होते. शिवाय पत्रव्यवहारासाठी स्वतःचाच पत्ता आणि ईमेल दिल्यामुळे ट्रेडमार्क कार्यालयाचा परीक्षण अहवाल (अर्जावरील आक्षेपांचे पत्र) त्याच्याकडेच गेला. त्या अहवालाला तीस दिवसांत उत्तर न दिल्याने अर्ज सोडून दिल्याची नोंद झाली. हे सारे ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर अर्जक्रमांक टाकताच दिसले. (लघुउद्योग नोंदणीचा ‘उद्यम’ दाखला किंवा अन्नपरवाना असला की नावावर हक्क मिळतो, असेही बाजारात बिनदिक्कत सांगितले जाते, पण दोन्हींमुळे ट्रेडमार्कचा हक्क मिळत नाही.)

आता 2012 पासूनची बिले जोडून, आमच्याच ईमेलवर नवा अर्ज केला आहे. समोरच्याच्या वापराच्या आणि नोंदणीच्याही आधीपासून अखंड वापर असणाऱ्याला ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 34 नुसार रोखता येत नाही, हा मुद्दा नोटिशीच्या उत्तरात मांडला आहे. कुणाकडून नोंदणी करून घेत असाल, तर सरकारी शुल्काची पावती मागा, अर्जाची पूर्ण प्रत वाचा, त्यात वापराची तारीख आणि ईमेल कोणता घातला आहे ते पाहा, आणि संकेतस्थळावर ‘रजिस्टर्ड’ अशी स्थिती दिसेपर्यंत उरलेली फी देऊ नका.